गाडी सुटण्याआधी उतरलेला माणूस

त्या प्रकरणाची आठवण आली की आजही आधी हसू येतं, मग मान खाली जाते. मुदतीआधी नोकरी सोडली, तेव्हा निरोपाच्या भाषणातही मी ते टाळलं. आता सांगून टाकतो.

भंडारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्यात मी अधिकारी होतो. धानाची कापणी आटोपली होती, गावोगावी मंडई, म्हणजे रात्रभर नाटकं चालणारी जत्रा, भरत होती. सकाळीच एक शिक्षक वडील हरवल्याची तक्रार घेऊन आला. म्हातारे, सगळ्यांचे बाबाजी, रोज ‘देवळात जातो’ म्हणून निघत, संध्याकाळी परतत. काल आलेच नाहीत. मोबाइल घरीच. कानात सोन्याच्या बाळ्या.

नोंद घेतली, शेजारच्या ठाण्यांना कळवलं. थोड्याच वेळात खबऱ्याने सांगितलं, म्हातारे स्टँडवर एका काळी-पिवळीत, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, बसलेले दिसले होते. चालकाला ठाण्यात आणलं.

“बसले होते साहेब. पन गाडी सुटायच्या आधी उतरले.”

“काहून उतरले?”

तो गप्प.

“कुठं जायला बसले होते?”

“कुठंच नाही.”

कुठंच जायचं नसलेला माणूस गाडीत कशाला बसेल? मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली, त्याला उपाशी बसवून ठेवलं. बाहेर मुलगा ओरडत होता, “बाळ्यांसाठी घात केला यानं!” चालकाची बायको फाटकापाशी रडत उभी होती. गुन्हा दाखल करायची तयारी मी जवळजवळ केली होती. तरी तो म्हणे, “ते मले नका इचारू साहेब. बाबाजीलेच इचारा.”

शेवटी साध्या वेशात स्टँडवर गेलो. “चला चला, एकच सीट बाकी!” गाडी खरंच भरलेली होती. बसलो. एक बाई आली, तिला जागा देऊन एक प्रवासी उतरला. आणखी दोघे आले, आणखी दोघे उतरले आणि शेजारच्या रिकाम्या गाडीत जाऊन बसले. चेहरे तसेच, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे.

उतरलेल्यांपैकी एकाला बाजूला घेऊन ओळख सांगितली.

“साहेब, रिकाम्या गाडीत कोनी बसत नाही. आमी बसलो की गाडी भरल्यावानी दिसते. लोक आले की आमी उतरतो.”

“आणि बाबाजी?”

“बाबाजी तं आमचा हिरो! धोतर-टोपीतला बुढा पाहून बाया बिनधास्त चढतात. पन पोराले सांगाचं नाही, शपथ घातली हाये त्यानं सगळ्याइले. गुरुजीचा बाप स्टँडवर बसते म्हनतीन ना लोक!”

त्याच्याकडूनच कळलं, काल ते शेवटी दिघोरीच्या गाडीत बसले होते. तिचा चालक मंडईच्या गर्दीमुळे तिकडेच थांबलेला. फोन लावला.

“बाबाजी? गाडीतच झोपले होते, उठवाले इसरलो. दिघोरीले जागे झाले तं म्हनाले, आलोच हावो तं बहिनीकडं जातो. काल नाटक पायलं, आता मटन खाऊन राहिले.”

संध्याकाळी बाबाजी ठाण्यात हजर झाले. सरळ बाकावरच्या चालकाजवळ गेले.

“येवढा कायले गप्प बसला बे? सांगून टाकाचं!”

“शपथ कोनं घातली होती?”

मुलगा म्हणाला, “बाबा, उद्यापासून घरी बसा.”

“घरी बसून कोनती गाडी भरते रे?”

अख्खं ठाणं हसलं. मुलगाही हसला, मग चालकापुढे हात जोडून उभा राहिला. मला मात्र तेवढं जमलं नाही. मी नुसतं ‘जा’ म्हणालो.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो. तो दुसऱ्या कुणाचं लपवत असेल, हे मात्र या चालकाने शिकवलं. पुढे प्रत्येक चौकशीत काठीला हात लावण्याआधी मी विचारायचो, “कुणासाठी गप्प आहेस?”

त्या प्रकरणानंतरच्या पहिल्याच सुटीच्या दिवशी हिय्या करून स्टँडवर गेलो. माफीचे शब्द जुळवत होतो, तोच चालक म्हणाला, “ते राहू द्या साहेब. जरा बसता का? बाबाजी अजून आले नाही.”

मी खिडकीशी बसलो. गाडी भरली, तसा उतरलो.