घाण्याचं मुसळ धड व्हतं

त्या दिशी आमच्या ओसरीत कोन कोन व्हतं ते आधी सांगते. सासू गंगाबाई. माझी जाऊ शांता. पायरीखाली टँकरवाला दशरथ. आन मी. बाकीच्या बाया घागरी घिऊन पल्याड लिंबाखाली बसल्या व्हत्या, त्यांला ओसरीतलं दिसत नव्हतं. सासू गेली, शांता बी गेली. दशरथाचं ठाऊक न्हाई. आमच्या मालकाला मी हे मरेपातूर सांगितलं न्हाई, लेकीला न्हाई, देवापुढं हात जोडून बी कधी तोंडातून काढलं न्हाई.

तुला लिव्हून सांगते. तू कोन, कुठला, मला ठाऊक न्हाई — म्हनून जमंल का काय.

आता मी नांदेडला लेकीकडं असते, विष्णुपुरीच्या अंगाला. मागच्या हप्त्यात जावयाची गाडी दारात बंद पडली. बोनट उघडलं तर वर टेकवायची सळई तुटलेली. जावई घरात आले. झाडूचा दांडा हातात घेतला, ठिवला. कपडे वाळत घालायची काठी घेतली, वाकवून बगितली, ठिवली. मग कोपऱ्यातलं मुसळ उचललं, बाहीर नेलं आन बोनटाखाली लावलं. मला मनले, "मामी, ह्याच्यावानी दुसरं काय न्हाई बगा." अर्धा घंटा काम केलं. मुसळ हाललं बी न्हाई. मग पुसून परत कोपऱ्यात ठिवलं.

मी पायरीवर बसून बगत व्हते. त्या दिशी जेवले न्हाई. लेक मनली, पित्त झालं असंल. मी मनले, हाव, पित्त.

हे मुसळ माझ्या सासरचं, मीच संगं आनलेलं. खैराचं, खाली लोखंडाची कडी. औशाच्या अलीकडं आमचं गाव, तिथं कुणाचं बी लगीन निघालं की हेच मुसळ न्यायचे. घाणा भरायचा म्हंजे हळद कुटायची. पाच सवाशिणी मुसळाला आंब्याची पानं बांधतात, हळदीकुंकू लावतात, सगळ्या मिळून धरतात आन गानं म्हनत उखळात हळद कुटतात. गावातली येक सून न्हाई जिची हळद ह्या मुसळानं कुटली न्हाई. माझी बी ह्यानंच. त्याचा लई मान. सासू त्याला कुनाला उगं हात लावू देत नव्हती.

लातूर नुकतंच जिल्हा झालं व्हतं. लोकं मनायचे, आता साहेब जवळ आले, पाणी लवकर येईल. पाणी म्हंजे टँकर. हिर आटली व्हती, दोन साल पेरणी नव्हती. मालक सडकंच्या कामावर खडी फोडाया जायचे, घरातली पहार बी संगंच न्यायचे. पेरायची तिफण गोठ्याच्या भिताडाला तशीच पडली, तिला वाळवी लागली. हे ध्यानात ठिव. मी बी ध्यानात ठिवलं व्हतं.

टँकर दशरथ आनायचा. माझ्याहून दहा-बारा वर्सानं मोठा. मला "माय" मनायचा. मी त्याला काय मनायची? "ये रे, जा रे." पयल्या दिशी सासूनं इचारलं, "कुण्या गावचा रे? कुनाचा?" तो मनला, जळकोटाकडचा, वेशीबाहेरच्या वस्तीतला. लपवलं न्हाई. त्याला तहान लागली की स्वताच्या टँकरच्या नळीखाली वंजळ धरून प्यायचा. पाणी त्यानं आनलेलं, पर तांब्या आमचा — म्हनून आमी तांब्या कधी दिला न्हाई. आन त्याच नळीचं पाणी घागरीत भरून देवापुढं ठिवायचो. हे तवा मला वंगाळ वाटलं न्हाई. अज्याबात न्हाई. आता लिव्हताना तोंड कडू हून राहिलंय.

त्या दिशी टँकर आमच्या दारापाशी येऊन थांबला. पुढं नाक असलेली जुनी गाडी, त्या नाकातून वाफ. बाया हसाया लागल्या. येकजण मनली, "आरं दशरथा, पाठीवर तळं घिऊन फिरतूस आन इंजनाला ताप कसा?"

तो मनला, "तापच हाय माय, तुमी फुकर घालाया या." समद्या खदखदल्या.

पंख्याचा पट्टा तुटला व्हता. दुसरा त्याच्याजवळ व्हता. पर बोनट टेकवायचा त्याचा पायप रस्त्यात कुठं तरी गळून पडला. बोनट येका हातानं उचलून दुसऱ्या हातानं पट्टा बसत न्हाई. म्हनून तो ओसरीपातूर आला, पायरीखालीच उभा राहिला आन मनला, "माय, टेकायला कायतरी मजबूत द्या. ते मुसळ हाय बगा — दहा मिनटं, लगीच आनून देतो."

मुसळ भिताडाला उभं व्हतं. त्यानं बोट बी दाखवलं न्हाई, नुसतं तिकडं बगितलं. सासूनं माझ्याकडं बगितलं. पर हे माझं मी तिच्यावर ढकलत न्हाई. तोंड मी उघडलं.

मी मनले, "मुसळ तडकलंय."

तडकलं नव्हतं.

न्हाईच मनले असते तर? "देत न्हाई जा," येवढं मनले असते, तर तो दुसऱ्या घरी गेला असता, दगड रचले असते, कायबी केलं असतं. पर मला वाटलं, राग धरील, पाणी न सोडता जाईल. मला पाणी बी पाहिजे व्हतं आन मुसळाला त्याचा हात बी नको व्हता. मग मी काय केलं? गोठ्यात गेले. तिफणीचं दांडकं उचललं. येका अंगानं लाकूड धड दिसत व्हतं, दुसऱ्या अंगानं वाळवीची माती. माती मी पदरानं पुसली. नख लावलं तर नख आत गेलं. भुसा. मला त्याचा वास आला, आजून येतो, ओला, कुबट. आन ते दांडकं देताना वाळवीचं अंग मी माझ्याकडं फिरवून धरलं.

हेच. हेच सांगायचं व्हतं. बाकीचं कायबी माफ करता येईल, हात फिरवला ते कसं करायचं? हाताला कुनी शिकवलं ते?

त्यानं दांडकं लावलं, वाकला. मी ओसरीतून बगत व्हते. बगत व्हते म्हंजे — वाट बगत नव्हते, असं मी चाळीस वर्सं मनाला सांगितलं. खरं मला बी ठाऊक न्हाई.

दांडक्याचा आवाज झाला न्हाई. ते मोडलं न्हाई, नुसतं बसलं, भाकर पाण्यात बसावी तसं. डोकं त्यानं काढलं. उजवा हात राहिला.

बाया वरडत पळत आल्या, बोनट उचललं. दोन बोटं गेली. त्यानं खिशातली दस्ती काढली, दातानं गाठ मारली आन शांताला मनला, "माय, नळी सोडा. आधी पाणी घ्या, मग मला यष्टीत बसवा." माझा लंबर तिसरा व्हता. मी दोन घागरी भरल्या. हाव, भरल्या. घरी येऊन प्याले बी.

संध्याकाळी सासू मनली, "बरं केलंस. घाण्याचं मुसळ बाटलं असतं." आन मला बरं वाटलं. सासूनं कधी शाबास मनलं नव्हतं. त्या येका शाबासकीची मला जेवढी किळस येते, तेवढी त्या रगताची आली न्हाई.

आठ दिवसानं टँकरच्या ठेकेदाराचा माणूस जीप घिऊन आला. दशरथ संगं व्हता, हात फडक्यात. त्या माणसानं आमाला इचारलं, सडकं लाकूड ह्याला कुनी दिलं? शांतानं मान खाली घातली. मी मनले, "त्यानंच उचललं, कुठून ते ठाऊक न्हाई. आमच्या घरचं न्हाई."

दशरथानं माझ्याकडं बगितलं. रागानं न्हाई. वाट चुकलेल्या माणसाकडं बगावं तसं. मग मनला, "हाव साहेब. मीच उचललं."

कामून मनला? मला वाचवायला? का आमच्यापुढं बोलून काय उपेग न्हाई, हे त्याला जन्मापासून ठाऊक व्हतं म्हनून? दुसऱ्या खेपेला टँकरवर दुसराच माणूस आला. दशरथाची चूक म्हनून त्याला काढलं, असं ह्या नव्यानं सांगितलं. बायांनी चुकचुक केलं. मी बी केलं.

पुढं किती लग्नं झाली. मुसळाला आंब्याची पानं बांधायची पयली गाठ माझी, घरचा मान म्हनून. लेकीच्या हळदीला बी मीच बांधली. बाया मनायच्या, पवित्र मुसळ हाय. मी हाव मनायची.

तू जळकोटाकडचा असशील, न्हाईतर तिकडं कधी गेलास, तर येक काम कर. उजव्या हाताची दोन बोटं नसलेला दशरथ नावाचा म्हातारा असंल, न्हाईतर त्याची लेकरं असतील. त्यांला सांग, ते लाकूड त्यानं उचललं नव्हतं. औशाकडच्या बाईनं दिलं, पोकळ हाय हे ठाऊक असून दिलं. आन मुसळ तडकलं नव्हतं. धड व्हतं. आजून धड हाय.