थांबायला मनाई

"खाली बसा. रांगेत. चपला बाजूला काढा."

हवालदार एवढंच बोलला. ओरडला नाही. ओरडायची त्याला गरजच पडली नाही. अष्टमी गावाच्या पुलापासून थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला आम्ही पाच बायका उभ्या होतो, त्या खाली बसलो. दुपारची वेळ. डांबर तापलेलं. पातळाच्या आतून चटका लागत होता, पण सांगणार कोणाला?

पहिली पाळी सुटून आलेलो आम्ही. धाटावच्या एका कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला आहोत. रसायनाची रिकामी पिंपं धुवायची, आवार झाडायचं, पावसानंतर गवत काढायचं. पाळी सुटली की कंत्राटदाराचा टेम्पो आम्हाला पुलाजवळ सोडतो. तिथून आमच्या कातकरवाडीला मिनीडोर, म्हणजे मोठी रिक्षा, जाते. ती भरल्याशिवाय सुटत नाही. म्हणून थांबायचं. रोजच थांबतो. ज्याच्या दारात गाडी नाही त्याचं अर्धं आयुष्य रस्त्याच्या कडेला थांबण्यात जातं.

त्या आठवड्यात जमावबंदी लागली होती. कुठल्याशा मिरवणुकीवरून दोन गटांत भांडण झालेलं. रिक्षाला भोंगा लावून सांगत फिरत होते म्हणे, पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमू नये. आमच्या वाडीवर भोंगा आला नव्हता. आला असता तरी काय. पाच जणींनी एका गाडीची वाट बघायची नाही, तर मग चौघींनी बघायची आणि एकीने चालत जायचं का, हे भोंग्यात सांगत नाहीत.

यमुनाआत्या आमच्यात सगळ्यात म्हातारी. गुडघे धरलेले. ती म्हणाली, "सायेब, मिनीडोर भरली का जातो आमी."

"रोज इथं उभ्या राहून काय बघता? कुणाचं घर बंद आहे ते बघता?"

काशी माझ्या शेजारी होती. तिने पदर पुढे ओढला. हवालदाराने मोबाईल काढला. "माना वर करा." आम्ही वर केल्या. फोटो काढला.

समोर औषधाचं दुकान. दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या. दुपारचा चहा प्यायला मागच्या कॉलनीतली निवृत्त मंडळी तिथे रोज बसतात. त्या दिवशीही बसली होती. आमच्यापेक्षा जास्त होती. त्यांना कोणी उठवलं नाही. कॉलनीत कुणाच्या तरी एसीची तांब्याची नळी चोरीला गेली होती, आणि पोलिसांना फोन त्या खुर्च्यांतूनच गेला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच दिसलं, की खुर्च्यांतल्या एकाने आपलाही मोबाईल आमच्याकडे धरला आहे.

आणि त्यांच्यात सर होते.

सर म्हणजे पेणच्या शाळेतले माझे शिक्षक. माझं माहेर पेणजवळच्या एका वाडीवर. सर चांगल्या घरातले, गावाकडे भातशेती, पेणला बंगला. निवृत्त झाल्यावर मुलाकडे इथल्या कॉलनीत राहायला आलेले. मला नववीपर्यंत त्यांनीच शिकवलं. वाईट माणूस नव्हता. जुनी पुस्तकं द्यायचे. वर्गात कुणाची पेन्सिल जरी हरवली तरी आधी आम्हा वाडीवरच्या पोरांची दप्तरं ओतायला लावायचे. माझं मात्र नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या वर्गासमोर म्हणायचे, "ही त्यांच्यातली वाटतच नाही." मला ते कौतुक वाटायचं. घरी येऊन आयला सांगितलं होतं. आय चुलीत काटकी सारत राहिली.

माझा बाप गणपतीच्या दिवसांत पेणच्या बाजारात खेकडे विकायला जायचा. टोपली कधी खाली ठेवायचा नाही. गर्दीतून फिरत फिरत विकायचा. मी विचारलं तर म्हणाला, "उभ्या कातकऱ्याला विचारतात गो. चालत्याला नाय विचारत." इंग्रजांनी आमच्या जमातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. कागदावरचा तो शिक्का कधीच पुसला गेला. बाप मात्र मरेपर्यंत चालत राहिला.

सर खुर्चीतून उठले. रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, सुटलो.

"अहो हवालदार, हिला सोडा," ते म्हणाले. "माझी विद्यार्थिनी आहे. शिकलेली आहे. ही त्यांच्यातली नाही."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "ऊठ. जा तू."

मी उठले. चपला घातल्या. यात विचार असा काही नव्हता, पाय भाजत होते म्हणून घातल्या. मिनीडोर समोरच उभी होती. ड्रायव्हर बघत होता. चार पावलं टाकली असती तर गाडीत बसले असते. घरी पोरगी वाट बघत होती. पहाटे उठलेली मी, पाठ मोडून आली होती.

खाली बघितलं. यमुनाआत्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ती तिच्या चपलांकडे बघत होती. माझं बाळंतपण हिने केलं. मी त्यांच्यातली नाही, तर मग कोणातली?

तेव्हा मला जे झालं, त्याला संताप म्हणता येणार नाही. संतापायलाही अंगात जोर लागतो. फार वर्षं उचललेलं ओझं अचानक नकोसं होतं, तसं झालं.

मी म्हटलं, "सर, मी यांच्यातलीच हाय."

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"पेणलाबी यांच्यातलीच व्हते. तुमी इचारलं नाय कधी."

मग हवालदाराकडे वळले. "सायेब, सोडायचं तर सगळ्यांना सोडा. न्यायचं तर सगळ्यांना न्या. पण खाली बसणार नाय. आमी उभ्या ऱ्हाऊनच बोलू."

"काय म्हणालीस?"

"आमी गाडीसाठी थांबलोय. खाली बसणार नाय."

यमुनाआत्या माझा हात धरून उठली. गुडघ्यांतून कळ आली तशी कण्हली, पण उठली. मग सुगंधा उठली, तिची जाऊ उठली. काशी शेवटी उठली. तिला उठायचं नव्हतं. एकटी बसून राहायची भीती वाटली म्हणून उठली. तिला मी दोष देत नाही.

काही चांगलं झालं असं कोणी समजू नये. हवालदाराने गाडी बोलावली. आम्हाला चौकीवर नेलं. बाकावर जागा नव्हती, भिंतीला टेकून उभ्या राहिलो. थैल्या उलट्या केल्या. त्यातून भाकरीचे रिकामे डबे, हातमोजे, आत्याची मिश्रीची डबी एवढंच निघालं. तिथल्या पोलीसबाईने पाणी दिलं. हळूच म्हणाली, "ताई, कशाला बोललात? गप बसला असतात तर पाच मिनिटांत सोडलं असतं." ती खोटं बोलत नव्हती. पाच मिनिटांतच सोडलं असतं. दुसऱ्या दिवशी परत बसवलं असतं.

दिवस मावळायच्या आत सोडलं. जमावबंदी मोडली म्हणून समज दिली. तोवर शेवटची मिनीडोर गेली होती. चालत निघालो. वाडी दिसायला लागली तेव्हा काशी म्हणाली, "तुला सोडीत व्हते. जायचं व्हतंस. आमालाबी सोडलं असतं मंग."

"बसवून सोडलं असतं."

"मंग काय झालं? रोज पिंपं धुताना बसतोच ना आपण?"

पिंपं धुताना बसणं आणि ते बसणं एक नाही, हे मला कळतं, पण काशीला पटेल असं आजही सांगता येत नाही.

सकाळी कंपनीच्या फाटकावर सुपरवायझरने मोबाईल दाखवला. आमचाच फोटो. कॉलनीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तिथे पोचलेला. खाली लिहिलं होतं, 'संशयित महिला, सावध राहा.' त्याने विचारलं, "ही तूच ना?" मी म्हटलं, "व्हय." मग त्याने आम्हाला आत घेतलं नाही. कंत्राटदार म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या, मग बघू. सुगंधाच्या घरात त्यावरून भांडण झालं. माझा नवरा रागावला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "तुला घरी पाठवीत व्हते ना?" मी म्हटलं, "व्हय." तो भाताकडे बघत बसला.

काही दिवसांनी सर बाजारात भेटले. थांबले. चेहरा दुखावलेला. म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझं नाव घालवून मी रस्त्यावर आलो, तुझ्यासाठी बोललो."

मी म्हटलं, "सर, तुमी रोज त्या खुर्चीत बसता. आमी समोर थांबतो ते तुमाला रोज दिसतं. आमी गाडीसाठी थांबतो, येवढं सांगितलं असतंत तरी पुरलं असतं. ते सगळ्यांसाठी झालं असतं."

ते म्हणाले, "तसं कसं सांगणार? मला काय माहीत प्रत्येकीचं?"

बस. एवढंच आमचं बोलणं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. पूर्वीची मी असते तर त्यांचं वाईट वाटणंही मीच पुसलं असतं. त्या दिवशी पिशवी उचलली आणि निघाले.

आता परत कामावर घेतलंय. पिंपं तीच, टेम्पो तोच. जमावबंदी उठली. परत लागेल. निवडणुकीला लागेल, सणाला लागेल, कुणाच्या भांडणाला लागेल, आणि दर वेळी ती आधी आमच्यावर लागेल. काशी आता पुलाच्या अलीकडे उतरते, एकटी, आमच्यापासून लांब उभी राहते. तिचं तिला. यमुनाआत्या माझ्या शेजारीच असते. आम्ही औषधाच्या दुकानासमोरच थांबतो, जिथे मिनीडोर लागते तिथेच. खुर्च्यांतून बघतात. बघू देत.

मी काही शूर बाई नाही. दमलेली आहे. हवालदाराची गाडी दिसली की अजून आत्याचा हात धरते. पोरीला मात्र सांगून ठेवलंय. कोणी तुला म्हणालं, तू यांच्यातली वाटत नाहीस, तर हसू नको. नीट सांग, मी यांच्यातलीच हाय.

आणि मी त्या जागेवरून हलेन ते मिनीडोर आली म्हणून. कोणी हलवलं म्हणून नाय.