विचारलं म्हणून सांगितलं

आमच्या गिरिजाला काही विचारलं, की ती लगेच उत्तर देत नाही. आधी मान तिरकी करते, विचार करते आणि मग खरं काय ते सांगते. शेजारच्या काकूंनी दिवाळीत नवी साडी नेसून तिला विचारलं होतं, "कशी दिसते गं?" गिरिजा तेव्हा पहिलीत होती. तिने काकूंना नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "साडी छान आहे. तुमच्या अंगावर नाही." शाळेत बाईंनी विचारलं, वर्गात कोण बोलत होतं? तर ही उभी राहिली. "मी बोलत होते. आणि तुम्ही फोनवर बोलत होतात." बाईंनी मला बोलावून घेतलं. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. पहाटे उठून, डबे करून, सकाळभर लोकांच्या शिरा शोधून झालेल्या असतात. त्यानंतर उन्हातून शाळेत जाऊन मान खाली घालून उभं राहायचं. घरी येऊन मी तिला रागावले, तेव्हा ती नवलाने म्हणाली, "विचारलं म्हणून सांगितलं की."

हे तिचं नेहमीचं वाक्य. त्यात उर्मटपणा नसतो. लोक उत्तर नको असताना प्रश्न का विचारतात, हेच तिला कळत नसे. मलाही ते तिला समजावता येत नसे. संध्याकाळपर्यंत माझ्यात तेवढं त्राण उरत नसे.

घरात आम्ही पाच जण. मी, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे गिरिजाचे पप्पा, आमची ही मुलगी, माझ्या सासूबाई आणि धाकटी नणंद महानंदा. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात. त्या अक्कलकोटकडच्या, रागावल्या की कानडीत शिरतात. मी माळशिरसची, लग्नानंतरची काही वर्षं मला त्यांचा राग फक्त सुरावरून कळायचा. महानंदाला आम्ही नंदा म्हणतो. ती गिरिजाची आत्या आणि खरं सांगायचं तर अर्धी आईही तीच. वेण्या, अभ्यास, डबा, ताप, सगळं नंदाने पाहिलं. मी फक्त दमून घरी यायचे.

नंदाला कॉलेजात असल्यापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या, तरी वर्षातून कधीतरी यायचीच. फिट आली की अव्वा दातखीळ बसू नये म्हणून चमचा घेऊन धावायच्या, कुणी कांदा फोडायचं, कुणी चप्पल हुंगवायचं. एकदा डॉक्टरांकडे जाताना नंदाने गिरिजाला बरोबर नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं लागण्यासारखं सामान बाजूला करायचं, कुशीवर वळवायचं. गिरिजाने विचारलं, "आणि मग?"

"मग थांबायचं."

"नुसतं?"

"ती डोळे उघडून तुझ्याकडे बघेल. तेव्हा तिला काही कळत नसतं. तिच्याशी हळू बोलायचं."

पुढच्या वेळी नंदा स्वयंपाकघरात पडली तेव्हा मी घरात होते. सुयांशी रोज खेळणारी मी, पण माझे पाय जागेवरून हलेनात. अव्वा चमचा घेऊन आल्या आणि एवढीशी पोरगी दोन्ही हात पसरून मधे उभी राहिली. "अव्वा, चमचा न्हाय घालायचा!" तिने पाट ढकलला, आत्याला कुशीवर वळवायला मला हाक मारली आणि मग तिच्या डोक्याशी मांडी घालून बसली. नंदाने डोळे उघडले. गिरिजा तिला अगदी शांतपणे सांगू लागली, "आत्या, आज शनिवार आहे. आपण स्वयंपाकघरात आहोत. तू पडली होतीस. लागलं नाही. आमटी झालीय, भात राहिलाय." नंदा तिच्या तोंडाकडे बघत होती आणि हळूहळू परत येत होती. मुलीचा तो खरं बोलण्याचा सोस, ज्याने मी टेकीला आले होते, तो असाही उपयोगी पडतो हे मला त्या दिवशी दिसलं.

मग नंदासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. फिटचं सांगायचं नाही, असं अव्वांनी ठरवलं. "सांगितलं तर कोण करून घेनार हाय? लग्न झाल्यावर बरं व्हतंय सगळं." गिरिजाचे पप्पा काही बोलले नाहीत. नंदाही बोलली नाही. पाहुणे यायच्या दिवशी गिरिजाला शेजारी पाठवलं, पण काकूंना अचानक बाहेर जावं लागलं आणि ती पोहे दिले जात असतानाच परत आली. मुलाच्या आईने तिला कौतुकाने जवळ ओढलं.

"आत्या आमच्याकडं आली तर रडशील का गं?"

मी दारातून डोळ्यांनी खुणा करत होते. गिरिजाने मान तिरकी केली. "रडीन," ती म्हणाली. "पण मला काळजी वाटते."

"कसली गं बाळा?"

"तुमच्याकडं आत्याला फिट आली तर तिला कुशीवर कोण वळवणार? तुम्ही चमचा नका घालू, हां."

पाहुण्यांनी पोहे तसेच ठेवले. चपला घालताना मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतंत." दार लागलं आणि गिरिजाच्या पप्पांनी हात उगारला. नंदा मधे आली. तो हात तिच्या खांद्यावर बसला. अव्वा भिंतीकडे तोंड करून बसल्या. गिरिजा त्यांच्याजवळ गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "सुम्न कूड." गप्प बस. एवढी कानडी तिलाही येत होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्या नातीशी बोलल्या नाहीत.

भांडी आवरताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "आई, मी खोटं बोलले का?"

"नाही."

"मग?"

"काही गोष्टी विचारल्या तरी सांगायच्या नसतात."

"कुठल्या?"

माझी पाठ ठणकत होती. दुसऱ्या दिवशी पाणी येणार होतं, म्हणजे उजाडायच्या आत उठून सगळं भरायचं होतं. मी म्हणाले, "नंतर सांगते." आणि कुठल्या ते मलाही सांगता आलं नसतं.

गिरिजाने स्वतःच त्यावर तोड काढली. ती सगळ्याला "माहीत नाही" म्हणू लागली. भाजी कशी झालीय? माहीत नाही. शाळेत काय झालं? माहीत नाही. काकूंनी नवा ड्रेस दाखवला, तर ती जमिनीकडे बघून "माहीत नाही" म्हणाली आणि काकूच कासावीस होऊन मला म्हणाल्या, "पोरीला काय झालंय हो? लई गप झालीय." घर शांत झालं. अशा शांततेची मी कितीतरी दिवस वाट पाहत होते. आता ती मिळाली, तर मला ती सोसवेना.

एका रविवारी नंदा अंगणात शेंगा फोडत बसली होती. गिरिजा शेजारी बसून टरफलं गोळा करत होती. मी दोरीवर कपडे घालत होते. नंदा म्हणाली, "गिरिजा, तू त्या दिवशी सांगितलंस ते एका अर्थी बरंच झालं. तिथं जाऊन मी रोज भीत राहिले असते."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"धीर नाही झाला."

गिरिजाने हातातली टरफलं खाली ठेवली. मग म्हणाली, "ती तुझी गोष्ट होती ना? म्हणून मी सांगायला नको होती." माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. मी ज्यासाठी "नंतर" म्हटलं होतं, ते तिचं तिने शोधलं होतं.

पुढच्या वर्षी जेऊरचं स्थळ आलं. मल्लिनाथ रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर होता. घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते, त्यांचं करण्यात त्याचं लग्न लांबलं होतं. या वेळी नंदाने गिरिजाला स्वतःशेजारी बसवून घेतलं. अव्वांनी आक्षेप घेतला, पण तिने ऐकलं नाही. चहा झाला. मल्लिनाथने विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं, सांगायचं हाय का?" नंदाचे ओठ हलले, आवाज फुटेना. तिने गिरिजाकडे पाहिलं. गिरिजाने आत्याचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुझं तू सांग की."

नंदाने सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग सगळं. कधीपासून येते, गोळ्या कुठल्या, शेवटची कधी आली. अव्वांनी डोळे मिटून घेतले होते.

मल्लिनाथ पुढे सरकून बसला. मग त्याने विचारलं, "आली तर मी काय करायचं?"

"मी दाखवते," गिरिजा म्हणाली. "खाली झोपा."

आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस खरोखरच चटईवर आडवा झाला. गिरिजाने स्टूल बाजूला केलं, त्याची कॉलर सैल केली, एक गुडघा दुमडला आणि त्याला वळवायला लागली. तेवढ्यात मागून अव्वांचा आवाज आला, "उजवीकडं न्हाय गं, डावीकडं." आधी नंदा हसली. मग मल्लिनाथ, पडल्यापडल्याच.

लग्न साधंच झालं. पाठवणीच्या वेळी गिरिजा रडली, पण लगेच सावरून तिने मल्लिनाथला फिट आली तर काय करायचं ते पुन्हा एकदा सगळं म्हणायला लावलं. नंदा गाडीत बसली, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरिजाला उठवायला गेले. ती पालथी, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपली होती. एरवी आमच्या घरात वाटी जरी पडली, तरी ही झोपेतून उठून आत्याकडे धावायची. इतकी वर्षं मी ते बघत होते, आणि पोरीची झोप सावध आहे, एवढंच म्हणत होते. त्या दिवशी पाणी आलं होतं. बाहेर पिंपं ओढली जात होती, घागरी आदळत होत्या. तिची पापणीही हलली नाही.

अव्वा दारात आल्या. किती तरी वेळ बघत राहिल्या. "मलगलि," त्या म्हणाल्या. झोपू दे. आणि पिंप भरायला त्या स्वतःच गेल्या.

मी लॅबला फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं. तिकडून विचारलं, "काय झालं?"

"दमलोय आम्ही," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी आडवी झाले.