भांगेवरचं लुगडं

साठ सालच्या आसपासची गोष्ट. सारंगखेड्याला काकी वारली आणि काकाची झोपच उडाली. त्यावर त्याने स्वतःच औषध ठरवलं, परसातलं भांगेचं झाड. कापण्याआधी चार दिवस अंधारात ठेवलं की त्याची नशा वाढते, असं तो सांगे.

"उजेडमा नशा उडी जास. तुले काय समजस, मास्तर?" म्हणत त्याने काकीचं काळं लुगडं झाडावर पांघरलं.

काकाकडे राहून मी गावच्या शाळेत पोरांना भूत नसतं असं शिकवायचो. पण परसात ती उंच काळी बाई वाऱ्याने मान हलवू लागली, आणि मी परसातली न्हाणी सोडून चार दिवस आंघोळीला तापीवर गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी काकाने माझ्या हातात विळा दिला. मी लुगड्याला हात घातला तोच तो ओरडला, "थांब रे! ती उभी शे."

"काका, खाले झाड शे."

"माले माहीत शे. तरी राहू दे."

झाड लुगड्याखालीच वाळलं. नशा खरंच वाढली होती का, हे कुणी चाखून पाहिलंच नाही. काकाने पाचव्या दिवशीच तिथे समोर खाट टाकली आणि त्या रात्री तो घोरू लागला. जागा मी राहिलो, आत, दाराला कडी लावून.