चाचांनी करून ठेवलेलं

“करून टाकू नकोस, करून ठेव!” असं म्हणत चाचा माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन बोटं आपटायचे. बिचारा डॅशबोर्ड!

रत्नागिरीचे चाचा आमच्या जपानी कंपनीच्या गोडाउनचे स्टोअरकीपर. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून आम्ही दोघं माझ्याच गाडीने कामावर जायचो. ते निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा मला हवी होती. नव्या जपानी मॅनेजरची अट एकच: मुलाखत जपानीत. माझा आधीचा करार संपत आलेला; नाही जमलं तर व्हिसा गेला, बायकोमुलीसकट चंबूगबाळं आवरायचं.

म्हणून सिग्नलगणिक शिकवणी. चाचा डबा उघडून घावन पुढे करत. “ताबेते मिरु. खाऊन बघ.” मी दोन घास घेतो न घेतो तोच ओरडायचे, “ताबेते शिमात्ता! खाऊन टाकलंस मेल्या! बघ, जपानी माणूस आपल्यासारखाच. क्रियापदाला शेपूट लावल्याशिवाय त्याला चैन नाही. आणि पुढच्यासाठी बनवून ठेवलं, तर?”

“त्सुकुत्ते ओकु.”

“शाब्बास! हे शेपूट माझं सगळ्यात लाडकं.”

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, फुकट शिकवतो आणि वर शिव्याही घालतो. त्याला जपा.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी चाचा कायमचे गावी गेले. विमानतळावर म्हणाले, “लागेल नोकरी.” मी म्हटलं, “इन्शाल्ला, देवाची मर्जी.” तर डोळे वटारले, “मुलाखतीत हे बोलू नकोस हां!”

आणि मी नेमका तिथेच बोललो. मॅनेजरने विचारलं, दर महिन्याचा स्टॉक वेळेत मोजशील ना? तोंडातून गेलं, “इन्शाल्ला!” साहेबांना दुबईत येऊन दोनच महिने झाले होते, पण तेवढ्यात या शब्दावर त्यांची किती कामं लटकली होती कोण जाणे. चेहराच पडला त्यांचा. म्हटलं, खलास! मग धीर करून जपानीत सांगितलं, “घाबरून बोललो साहेब. आदल्या दिवशीच मोजून ठेवीन.”

साहेब खुदकन हसले. “ही तर चाचांची जपानी!”

नोकरी लागली. त्याच दुपारी स्टोअरकीपरच्या खणाची किल्ली हातात आली. खण उघडला, तर आत चाचांचा घासून लख्ख केलेला घावनाचा डबा आणि त्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहून ठेवलेली चिठ्ठी:

“बसलास ना माझ्या खुर्चीवर? ठाऊक होतं मला.”

त्या खुर्चीवर बसूनच मी भोकाड पसरलं.