घारीचं जाकीट

गल्लीत तिला सगळे फिटिंगमावशी म्हणायचे. कुणी कापड शिवायला टाकलं आणि इथे सैल ठेवा, तिथे घट्ट करा असं सांगायला लागलं की ती टेप गळ्यात टाकायची आणि म्हणायची, फिटिंगचं माझ्यावर सोड. सोडावंच लागायचं, कारण मावशीशी वाद घालून जिंकलेलं माणूस कुणी बघितलेलं नव्हतं. फक्त एका माणसापुढे ती गप्प बसायची, वरच्या मजल्यावरचे तिचे धाकटे दीर. भावजी.

घर दोघा भावांचं. खाली मावशी, वर भावजी, मागची बाग दोघांत एक. पण मावशीचा नवरा गेला आणि बाग हळूहळू, कुणी कुणाला न विचारता, भावजींची होऊन बसली. आधी त्यांची खुर्ची आली, मग कुंड्या, मग कबुतरांचे मोडके पिंजरे. मावशीला उरलं मागचं दार आणि त्यातून दिसेल तेवढं. ती काही बोलली नाही. कशाला उगाच, म्हणाली. अख्ख्या गल्लीला गप्प बसवणारी बाई आणि म्हणे कशाला उगाच.

भावजींचा सगळा जीव गच्चीवरच्या कबुतरांत. घारींचा डोळा असतो म्हणून त्यांनी वरती नायलॉनची जाळी ताणून बांधलेली, आणि एका सकाळी त्याच जाळीत घार अडकली. भावजी बाहेर गेले होते. वरून शिट्टी घशात अडकावी तसा आवाज यायला लागला. मावशी धापा टाकत वर गेली तर घार उलटी लटकलेली, एक पंख दोऱ्यांत पिळवटलेला, आणि डोळे असे की जवळ ये, मग दाखवते.

मावशीच्या हातात कात्री तशीच राहिली होती. आता ही कात्री म्हणजे काय चीज आहे ते माहीत पाहिजे. कापडाची कात्री. या कात्रीने कुणी कागदाचा कपटा कापला तरी मावशी घर डोक्यावर घ्यायची. नवऱ्याने एकदा दुधाची पिशवी कापली होती, तर बिचाऱ्याला कितीतरी दिवस आपला चहा आपण करून घ्यावा लागला. त्या कात्रीने तिने कराकरा नायलॉन कापलं. धार जातेय हे हाताला कळत होतं, तरी थांबली नाही. जाळीला हे एवढं भगदाड पडलं.

टॉवेलात गुंडाळून घार खाली आणली, बागेत, भावजींच्याच एका पिंजऱ्यात ठेवली. पंख लोंबत होता. मग शिंपीण काय करणार? तिने जाकीट शिवलं. जुन्या अस्तराचं, अंगावर बेतून, पक्क्या शिलाईचं, अशी फिटिंग की एक सुरकुती नाही. स्वतःवरच खूश झाली.

थोड्याच वेळात घार चोच वासून धापा टाकायला लागली. मावशी पिंजरा घेऊन तशीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाली. बाई जाकीट बघून आधी हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या आणि कात्री घेतली.

"शिवलंय सुंदर, मावशी. पण पाखराची छाती श्वास घेताना हलते, ती तुम्ही आवळून टाकलीत. अजून थोडा वेळ गेला असता तर ही संपली होती."

मावशीचा चेहराच उतरला. आयुष्यभर ज्या फिटिंगच्या जिवावर मान वर करून बोलली, तीच एकाच्या जिवावर उठली होती. बाईंनी समजावलं की हाड मोडलेलं नाही, पंख दुखावलाय. तेवढा अंगाशी धरून ठेवायचा, छाती मोकळी, रोज सोडून बघायचं, आणि लळा लावायचा नाही, उडायला लागली की सोडायची.

घरी येऊन मावशीने सैल पट्टी केली आणि ती कच्च्या धावदोऱ्याने टाचली. मोठे मोठे टाके, कापड बेतताना घालतात तसे. एक टोक ओढलं की सगळा दोरा सुळकन बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दाम सैल शिवलं.

भावजी आले, आधी वर भगदाड बघितलं, मग खाली घार. "वहिनी, माझी पाखरं खाणारीचा पाहुणचार तुम्ही माझ्याच बागेत करताय?"

एरवी मावशी म्हणाली असती, कशाला उगाच. पण तो 'माझ्याच बागेत' तिला सुईसारखा टोचला.

"पिंजरा तुमचा आहे, तो देते परत," ती म्हणाली. "बाग दोघांची आहे, भावजी."

भावजी म्हणाले की रविवारपर्यंत ही ब्याद हलली नाही तर माणूस आणतो पोतं घेऊन, आणि जिना आपटत वर गेले.

मावशीने पिंजरा खरंच त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. घारीवर कपड्यांची मोठी टोपली पालथी घातली, मग आतून शिलाई मशीन खडखडत ओढून आणलं आणि भावजींची खुर्ची बाजूला सारून बागेच्या बरोब्बर मधोमध मांडलं. राखणच ठेवायची तर काम करत. गिऱ्हाइकं मापं द्यायला बागेतच यायला लागली. खाटकाने विचारलं, मावशी, रोज मटण, कोण आलंय? माहेरचं माणूस आहे, ती म्हणाली, तोंडाने फटकळ आहे जरा. घारीने तिच्याकडे एकदाही प्रेमाने बघितलं नाही. खायला घालणारं बोटच फोडलं. मावशीने त्यावर चिंधी बांधली आणि शिवत बसली. पट्टी सोडली की घार पंख उघडायची, आधी अर्धा, मग पूर्ण, शनिवारी तर नळाच्या कट्ट्यापर्यंत गेली आणि धप्पकन पडली. भावजी वरून बघत होते. उद्या बघतो, म्हणाले.

रविवारी ते भंगारवाल्याला घेऊन आले. मावशी मशीनवरून उठली नाही. तिने आधी पोत्याकडे बघितलं.

"अरे, हे तर खाली फाटलंय. आण इकडे, टाका मारून देते."

त्या भल्या माणसाने देऊनसुद्धा टाकलं. मावशीने पोतं सुईखाली सरकवलं आणि म्हणाली, "भावजी, आता तुम्ही हातानेच उचला."

भावजी तावातावाने वाकले, टोपली उचलली, आणि घारीने अशी झेप टाकली की ते मागच्या मागे कुंडीत बसले. मावशीने झटकन दोऱ्याचं टोक धरून ओढलं. पट्टी गळून पडली. घार दोन उड्या मारत कट्ट्यावर गेली, पंख उघडले, एका बाजूला कलली. मावशीचा पाय मशीनच्या पायट्यावर नुसता दाबलेला. घार पडली नाही. वाकडीतिकडी वर गेली आणि थेट गच्चीच्या खांबावर जाऊन बसली.

भावजी कबुतरांच्या नावाने बोंब मारत जिन्याकडे धावले.

"सावकाश," मावशी म्हणाली. "तुम्ही माणूस आणायला गेलात तेव्हाच भगदाड बुजवलंय मी. ताडपत्री लावून, पक्क्या शिलाईने."

ते तरीही वर गेले. ताडपत्री ओढून ओढून बघितली, एक टाका सुटला नाही. घार खांबावरून उठून निघून गेली, मागे वळून वगैरे काही बघितलं नाही. भंगारवाला शिवलेलं पोतं घेऊन गेला. मग भावजी खाली आले, पँटची माती झटकली, आणि जरा नरमच म्हणाले की गेली ना ती, आता मशीन आत घ्या.

मावशीने सुईत दोरा ओवला.

"इथे उजेड चांगला आहे," ती म्हणाली. "आणि ती पँट शिवणीत उसवलीय, बदलून आणा. फिटिंगचं माझ्यावर सोडा."