इतिवृत्तातलं ‘बघू’

विद्यापीठाच्या इमारत विभागात माझं टेबल पहिल्या मजल्यावर, खिडकीला लागून आहे. या खिडकीखालून पूर्वी एक पाणंद जायची. माझ्या माहेरच्या गावातून निघायची, विद्यापीठाच्या जागेतून आडवी जायची आणि पलीकडे ओढ्याकाठच्या वावरांना मिळायची. त्यातलं एक वावर आमचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज साडेदहाच्या सुमारास तिथून जायचे. ऑफिसात बसलेल्या मुलीला रस्त्यावरून हाक कशी मारायची, असा त्यांना संकोच वाटे. म्हणून नुसते खाकरायचे. मी खाली गेले की मुळ्याची जुडी नाहीतर ओल्या भुईमुगाच्या चार शेंगा हातात द्यायचे, "जावईबापूंची शिफ्ट कंची हाय?" एवढं विचारायचे आणि चालू लागायचे. सगळी भेट दोन मिनिटांची. लग्न होऊन मी संत तुकाराम नगरात राहायला गेले, तरी माहेर तुटलं असं कधी वाटलं नाही ते त्या दोन मिनिटांमुळे.

आता खिडकीखाली कार्यशाळेचा पत्रा दिसतो. साडेदहा वाजले की मला अजूनही काम सुचत नाही. पंधरा वर्षांची नोकरी झालेल्या बाईनं असं चुळबुळत बसणं शोभत नाही, पण बसते खरी.

झालं ते असं. काही वर्षांपूर्वी विद्यापीठानं पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करायला घेतला. वसतिगृहं कुठे, प्रयोगशाळा कुठे, यंत्रांची कार्यशाळा कुठे, चाकणच्या कंपन्यांतल्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग कुठे, सगळं एका मोठ्या कागदावर. आमचे तेव्हाचे साहेब भले गृहस्थ होते. शेजारच्या गावाला विचारल्याशिवाय एकही रेघ मारायची नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, आणि ते मनापासून सांगितलं होतं. म्हणून गावातल्या देवळाच्या मंडपात सभा भरली. नकाशा पसरला. समजावून सांगायला आणि इतिवृत्त लिहायला गावचीच मुलगी म्हणून मी.

कार्यशाळा नेमकी पाणंदीवर येत होती. साहेबांनी विचारलं, पाणंद बंद करून कुंपणाबाहेरून रुंद डांबरी रस्ता दिला, दिवे लावले, तर चालेल का? थोडा वळसा पडेल इतकंच.

मंडपातले एक म्हातारबा टोपी सारखी करत म्हणाले, "बघू की." दुसरे म्हणाले, "तुमी चांगलंच करताय साहेब. आमी काय न्हाई म्हणतोय व्हय?" खांबाला टेकून आप्पा बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा तेही म्हणाले, "बघू." मग चहा आला आणि सभा संपली.

आता हे ‘बघू’ काय असतं ते मला कोणी शिकवायला नको होतं. शाळेच्या सहलीला जाऊ का, बघू. सायकल घ्याल का, बघू. आमच्या घरात हा शब्द आला की विषय मिटला, पुन्हा काढायचा नाही. आमच्या गावाला एखादी गोष्ट हवी असली की ते भांडतं. रस्ता किती फुटी, कोणाच्या बांधावरून, काम कधी सुरू, ठेकेदार कोण, असं विचारून समोरच्याला हैराण करतं. त्या दिवशी रस्त्याची रुंदीसुद्धा कोणी विचारली नाही. ती विचारली नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. हेच मला गिळता येत नाही.

पण इतिवृत्ताच्या छापील नमुन्यात ‘बघू’साठी रकाना नव्हता. एक होता सूचनांचा, एक हरकतींचा. हरकतींच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. खाली लिहिलं, ‘ग्रामस्थांनी प्रस्तावास तत्त्वतः संमती दर्शवली.’ त्यातला ‘तत्त्वतः’ तर माझ्या पदरचा. कोणी दबाव आणला नव्हता. साहेब खूश दिसत होते, आणि आपलं गाव अडेलतट्टू नाही हे दाखवायची मलाच भारी हौस होती.

साहेबांनी शब्द पाळला. रस्ता झाला, चांगला रुंद झाला, दिवेही लागले. पण वर्षाच्या आत कंपन्यांच्या कंटेनरवाल्यांना तो सापडला. हायवेला कोंडी झाली की सगळे तिकडून घुसतात, दोन्ही कडांना गाड्या लावून जेवायला बसतात. खांद्यावर पिशवी टाकून पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिथे जागाच उरली नाही. आप्पा चार-सहा महिने जात राहिले. एकदा ट्रकच्या धक्क्यातून थोडक्यात वाचले, मग थांबले. वावर आता माझा चुलतभाऊ करतो, तो मोटरसायकलवरून जातो. कार्यशाळेत गावातल्याही दोन मुली शिकतात, त्यांना येताजाता बघून बरं वाटतं, ते खोटं नाही. पण मला माझे आप्पा चालताना बघायचे आहेत. घरी गेले की ते ओट्यावर बसलेलेच दिसतात.

गावात मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

यंदा आराखड्याची फेरतपासणी निघाली. आताच्या मॅडम म्हणाल्या, कार्यशाळेच्या कडेनं पायवाट आणि दोन लहान फाटकं देता येतील, गावानं लेखी मागणी केली तर. मला इतका आनंद झाला की मंजुरी वगैरे राहू द्या, मी त्याच दुपारी नकाशावर ठिपक्यांची रेघ मारून टाकली. अर्ज मीच टाईप केला आणि रविवारी बस धरून गावी गेले.

आप्पांनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला आणि ओट्यावरच सही केली. म्हणाले, "माझं पाय काय आता तितकं चालायचं न्हाईत. पोरास्नी व्हईल."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, तेव्हा सभेत सरळ ‘नाही’ का नाही म्हणालात?"

ते रागावले नाहीत. मी भलतंच काही विचारलं असावं, तसे माझ्याकडे बघून म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?" मग अर्ज माझ्या हातात देत म्हणाले, "आन् तू लिहीत व्हतीस की. सगळी म्हणली, आपली पोरगी लिहिती, तिला समजतंय."

अर्जावर अजून बाकीच्या घरांच्या सह्या घ्यायच्या होत्या. त्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्या दिवशी मंडपात होतं.